दुकानदाराने बघावं असं म्युझियम: कॅन्सस सिटीची ‘अरेबिया’

बोट बघायला म्हणून जाणार असाल तर आधीच सांगून ठेवतो, अख्खी बोट इथे नाही. मागच्या टोकाचा लाकडी भाग आहे, बॉयलर आहेत, इंजिन आहे, नांगर आहे. बाकीचा सांगाडा अजून मक्याच्या शेताखालीच पुरलेला आहे. इथे आहे तो माल. 1856 साली अमेरिकेतल्या मिसूरी नदीतून वरच्या गावांतल्या दुकानांकडे निघालेला आणि कधीच न पोचलेला, साधारण दोनशे टन माल.

मी चिपळूणच्या बाजारपेठेत हार्डवेअरचं दुकान चालवलं, आता भाचा बघतो. उन्हाळ्यात लेकीकडे, कॅन्सस सिटीला लागूनच असलेल्या ओव्हरलँड पार्कला, येणं होतं आणि आल्यावर मुलं हौसेने म्युझियमं दाखवतात. चित्रांची झाली, रेल्वेची झाली, पहिल्या महायुद्धाचं झालं. ‘अरेबिया स्टीमबोट म्युझियम’मध्ये मात्र मी जावयाला सांगितलं, तुम्ही कॉफी प्या, मी येतो सावकाश. ज्याने कधी काउंटरच्या आत उभं राहून माल विकलाय, त्याने हे बघितलंच पाहिजे. बाकीच्यांनाही आवडेल, पण आम्हा लोकांना जरा जास्त.

थोडक्यात हकीकत अशी. अरेबिया 1853 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ब्राउन्सव्हिलला बांधली. लांबी 171 फूट, दोन्ही बाजूंना 28 फूट व्यासाची चाकं, चुलीत लाकडं. तेव्हा मिसूरीच्या वरच्या अंगाला रेल्वे पोचली नव्हती, रस्ते म्हणजे चिखल. खिळ्यापासून अत्तरापर्यंत जे काही लागेल ते सेंट लुईसहून बोटीने यायचं. ऑगस्ट 1856 च्या अखेरीस ही बोट सोळा गावांच्या दुकानांचा माल आणि प्रवासी घेऊन निघाली. 5 सप्टेंबरला संध्याकाळी कॅन्सस सिटी सोडून थोडी वर, पार्कव्हिलजवळ पोचली. आत जेवणाची तयारी चाललेली, मावळतीचा सूर्य थेट डोळ्यांवर. नदीच्या तळात रुतलेलं अक्रोडाचं एक झाड पाण्याखाली टोक वर करून उभं होतं, ते बोटीच्या पोटात घुसलं. काही मिनिटांत बोट तळाला टेकली. वरचा मजला पाण्याबाहेर राहिला म्हणून लोक तिथे चढले, आणि एकाच छोट्या होडीने फेऱ्या मारून सगळ्यांना काठावर आणलं. माणूस एकही गेला नाही. ते झाडाचं खोडही इथे मांडलंय. जाडजूड आहे. मिसूरीत अशा सुमारे चारशे वाफेच्या बोटी बुडाल्या म्हणतात, आणि त्यातल्या कितीतरी अशाच झाडांनी फोडल्या.

‘बोट बुडाली’ म्हटलं की कोकणातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर रामदास येते. 17 जुलै 1947, गटारीची अमावस्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, काशाच्या खडकाजवळ सहाशेच्या वर माणसं गेली. माझी आई त्या दिवसाबद्दल बोलताना आवाज खाली आणायची. त्या मानाने अरेबियाचं बुडणं हलकं, आणि म्हणूनच इथे माणूस मोकळ्या मनाने कपबशा आणि बिजागऱ्या बघत फिरू शकतो. रामदासमधल्या वस्तूंचं असं प्रदर्शन मला बघवलं नसतं.

गेलं ते एक खेचर. डेकवर बांधलेलं होतं. मालकाने नंतर सांगितलं की मी सोडवायचा खूप प्रयत्न केला, पण जनावर हट्टी, हललंच नाही. 1988 मध्ये चिखलातून त्या खेचराचा सांगाडा निघाला तो बांधलेल्या अवस्थेतच. हाडं काचेत ठेवली आहेत. म्युझियमवाल्यांनी त्याला, त्या नावाच्या गाजलेल्या सिनेमावरून, ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ असं नाव दिलंय. माझी नात तिथून हलेना. मी मात्र मालकाचा विचार करत होतो. नुकसानीनंतर माणूस काय काय सांगतो ते आमच्या गल्लीत पुष्कळ ऐकलंय.

आता शेतात बोट कशी आली? मिसूरी ही एका जागी राहणारी नदी नव्हेच. पूर आला की काठ खायचा, गाळ टाकायचा, पात्र सरकवायचं. बोट जिथे बुडाली तिथून नदी अर्धा मैल बाजूला गेली आणि बोट कॅन्सस राज्याच्या बाजूला एका शेताखाली 45 फूट खोल राहिली. चार मजली इमारत उलटी जमिनीत घातली तर जेवढी जाईल तेवढी. आत व्हिस्कीची पिंपं आहेत अशी गावात वदंता होती, त्यामुळे आधीही लोकांनी खणून बघितलं होतं. व्हिस्की कोणाला मिळाली नाही.

1987 मध्ये बॉब हॉली आणि त्यांचे दोन मुलगे, डेव्हिड आणि ग्रेग, यांनी जुने नकाशे आणि जमिनीखालचं लोखंड ओळखणारं मॅग्नेटोमीटर वापरून ती जागा पकडली. ही माणसं कोण? प्राध्यापक नव्हेत, सरकारी खात्यातली नव्हेत. फ्रिज-एसीची कामं करणारं कुटुंब. बरोबर जेरी मॅकी, यांचा बर्गरचा धंदा, आणि डेव्हिड लुट्रेल, हे बांधकामवाले. म्हणजे आपल्याकडे व्यापारी संघाच्या सभेला मागच्या खुर्च्यांवर बसतात तशी मंडळी. मला हे सगळ्यात आवडलं. शेतमालकाने परवानगी दिली ती एका अटीवर: वसंतातल्या पेरणीच्या आत खड्डा बुजवून शेत परत. भूजल खाली जातं म्हणून हिवाळ्यात काम धरलं. बोटीभोवती 65 फूट खोल विहिरी मारून 20 पंप बसवले. मिनिटाला 20,000 गॅलन पाणी बाहेर. आपल्या हिशेबात साधारण 75,000 लिटर, म्हणजे दर मिनिटाला सात-साडेसात टँकर, रात्रंदिवस, काही महिने. डिझेलचं बिल मनात आलं आणि छातीत धस्स झालं.

26 नोव्हेंबर 1988 ला बोट दिसली. चार दिवसांनी पहिली वस्तू हाती लागली ती गुडइयरचा रबरी बूट. सोन्याची नाणी शोधायला गेलेल्यांना बूट! 5 डिसेंबरला चिनीमातीच्या भांड्यांचं लाकडी खोकं निघालं. भांडी शाबूत होतीच, पण भांड्यांमध्ये घातलेलं वाळलेलं गवतसुद्धा पिवळंच राहिलेलं. 11 फेब्रुवारी 1989 ला पंप बंद केले, आणि खड्डा एका रात्रीत पाण्याने भरला. मूळ विचार माल विकून खर्च वसूल करायचा होता. एकेक खोकं उघडत गेलं तसा विचार बदलला, माल एकत्रच ठेवायचा ठरला, आणि 1991 मध्ये हे म्युझियम उघडलं. सरकारी नाही, कुटुंबाचं आहे. टूरची सुरुवात छोट्या फिल्मने होते आणि पुष्कळदा शोधणाऱ्यांपैकीच कोणीतरी समोर येऊन बोलतं. दुकानाच्या मालकाने स्वतः गल्ल्यावर बसण्यात जी गोष्ट असते ती इथे जाणवते.

आता मालाकडे येतो.

चिपळूणकराला चिखल शिकवायला नको. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत चढलं तेव्हा आमच्या दुकानाचा माळाही पाण्याखाली गेला. पाणी होतं तोवर माल जसाच्या तसा होता. पाणी ओसरलं, हवा लागली, आणि दोन-तीन दिवसांत खिळ्यांच्या पेट्यांचे लाल गोळे झाले. बिजागऱ्या एकमेकींना चिकटल्या, कुलपांच्या किल्ल्या फिरेनात. ऑइलपेपरमध्ये गुंडाळलेल्या पटाश्या आणि रंधे तेवढे वाचले. विम्याच्या माणसाने फोटो काढले आणि ‘हे तर धुऊन विकता येईल’ म्हणाला. असो.

अरेबियाचं गणित हेच, फक्त तिच्या नशिबाने हवा लागलीच नाही. 45 फूट गाळ, वर कायमचं भूजल, आत प्राणवायू जवळजवळ शून्य. कुजवणारे जंतू जगत नाहीत, गंज पुढे सरकत नाही. 132 वर्षं माल तसाच थांबला. खरा धोका बाहेर काढल्यावर होता. ओलं लाकूड आणि चामडं उन्हात ठेवलं असतं तर आठवड्यात आक्रसून फुटलं असतं. इथे फ्रिजवाल्यांचा धंदा उपयोगी पडला. काही माल पाण्याच्या टाक्यांत, काही बर्फात गोठवून, आणि सवडीने एकेक वस्तू दुरुस्तीला. म्युझियममध्येच काचेमागे प्रयोगशाळा आहे, तिथे काम चाललेलं बघता येतं. लाकडाला पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाच्या मेणासारख्या रसायनात मुरवतात, म्हणजे लाकडातल्या पाण्याची जागा ते घेतं आणि लाकूड वाळताना आकार सोडत नाही. इतकी वर्षं झाली तरी हे काम संपलेलं नाही.

हार्डवेअरच्या भिंतीसमोर मी बराच वेळ होतो. कुऱ्हाडी, हातोडे, करवती, गिरमिटं, रंधे, पटाश्या, दाराच्या मुठी, कुलपं, किल्ल्या, बिजागऱ्या, खिळे. लोखंडाने थोडा मार खाल्लाय, ते दिसतं, पण साफ करून असा माल लावलाय की हात आपोआप भाव विचारायला पुढे जातो. चिनीमातीच्या पांढऱ्या मुठी बघून मला आमच्या गल्लीतली जुनी घरं आठवली. आणि एक गोष्ट लगेच ध्यानात आली. या मालात चैनीचं प्रमाण चांगलंच आहे. जंगल तोडून घर बांधणाऱ्या माणसाला कुऱ्हाड लागते हे ठीक, पण त्याच बोटीवर फ्रेंच अत्तर, कोन्याक, रेशमी कापड, लाखो मणी, तऱ्हेतऱ्हेची बटणं आणि इंग्लंडहून आलेल्या चिनीमातीच्या ताटल्यासुद्धा आहेत. सरहद्दीवरच्या गावातला दुकानदार मूर्ख नव्हता. नवीन वस्तीत पहिल्यांदा पैसा हातात आला की बाई कशाला हात घालते हे त्याला माहीत होतं. आमच्याकडे पुरानंतर पहिली दिवाळी आली तेव्हा सगळ्यात आधी रंग संपले, सिमेंट नव्हे.

बूट-चपलांचे कपाट बघाच. चार हजारांच्या वर नग. इथे एक बारीक गोष्ट आहे जी टूरमध्ये ऐकलीत तर सोडू नका. चामडं टिकलं, लोकर टिकली, रेशीम टिकलं. सुती कापड आणि सुती धागा मात्र विरघळून गेला. त्यामुळे बूट निघाले ते सुट्या तुकड्यांत, तळ वेगळा, वरचं चामडं वेगळं, शिवणीची भोकं जागच्या जागी. मग एकेक बूट त्याच भोकांतून पुन्हा हाताने शिवला. कोटांचंही तेच. जवळून पाहिलंत तर नवा धागा आणि जुनं चामडं ओळखू येतं, आणि एका बुटाला किती टाके पडतात ते मोजायचा मोह होतो. हे काम करणाऱ्याला मोची म्हणा की शास्त्रज्ञ, मजुरी किती झाली असेल याचा हिशेब मी सोडून दिला.

सौ.ला खाण्याच्या बाटल्यांनी धरून ठेवलं. काकड्यांचं लोणचं अजून हिरवं, फळं बाटलीत ओळखू येतील अशी. खोदकामाच्या वेळी त्यांच्यातल्या एकाने लोणच्याची बाटली उघडून काकडी खाऊन बघितली आणि त्याला काही झालं नाही, ही तिथली आवडती गोष्ट. सौ. म्हणाली, ‘त्यात काय, आपण लोणच्यावर तेल ओततो ते हवा लागू नये म्हणूनच ना?’ मुद्दा बरोबर. गाइडलाही तिने तो इंग्रजीत सांगितला आणि त्या मुलीने मनापासून मान डोलावली.

अत्तराचं आणखी वेगळं. बाटल्यांतलं अत्तर शाबूत निघालं, त्याचं पृथक्करण करून तसंच नवं बनवलं आणि ते खालच्या दुकानात विकायला ठेवलंय. वास घेऊन बघता येतो. मला फुलांचा वाटला, सौ.ला संत्र्याच्या सालीचा. दीडशे वर्षं जमिनीखाली पडलेल्या मालाची पुन्हा ऑर्डर काढून तो विकणं, ही दुकानदारी मला फार पटली. एक बाटली घेतली.

इतिहासाच्या बाजूने एक तुकडा माझ्या धंद्याला फारच जवळचा. बुडण्याच्या सहा महिने आधी, मार्च 1856 मध्ये, याच बोटीची लेक्सिंग्टनजवळ झडती झाली होती. कॅन्सस गुलामीचं राज्य होणार की मुक्त, यावरून तेव्हा मारामाऱ्या चालल्या होत्या. ‘सुतारकामाची हत्यारं’ असं लिहिलेल्या खोक्यांत गुलामीविरोधी लोकांसाठी चाललेल्या 100 शार्प्स रायफली आणि दोन तोफा सापडल्या, आणि गुलामीवाल्यांनी त्या काढून घेतल्या. सुतारी सामानाच्या पेटीत काय काय जातं ते बघा. हे प्रकरण मला आणखी ऐकायला आवडलं असतं, पण टूरचा जीव वस्तूंत आहे आणि ते त्यांच्या जागी बरोबर आहे.

मला स्वतःला एक वेगळीच भूक होती. हा माल कोणाचा? कुठल्या गावातल्या कुठल्या दुकानदाराने उधारी करून ही चार हजार पायताणं मागवली होती, आणि 6 सप्टेंबरला सकाळी त्याला बातमी कळली तेव्हा त्याने काय केलं? ती भूक थोडी भागली ती इथून उत्तरेला तीनेक तासांवर, आयोवातल्या मिसूरी व्हॅली गावाजवळच्या डिसोटो अभयारण्यात. तिथे ‘बर्ट्रँड’ या बोटीचा माल आहे. ती 1 एप्रिल 1865 ला बुडाली आणि 1968 मध्ये सापडली. माल मोंटानातल्या खाणींच्या गावांना चालला होता आणि तिथल्या खोक्यांवर घेणाऱ्या दुकानदारांची नावं छापलेली आहेत. गावं डीअर लॉज, व्हर्जिनिया सिटी अशी. ती नावं वाचून मी माणसांशी बोलल्यासारखा तिथे उभा होतो. जमीन केंद्र सरकारची, त्यामुळे मालही सरकारचा, मांडणी शिस्तीची, गर्दी कमी. आणि गंमत बघा, 2011 मध्ये मिसूरीला पूर आला तेव्हा हा सगळा संग्रह उचलून सुरक्षित जागी हलवावा लागला. नदीने एकदा नेलेला माल तिला परत हवा होता बहुतेक. दोन्हींत निवड करायची तर अरेबिया आधी. मालाची रेलचेल, शोधणाऱ्यांची गोष्ट आणि फिरतं मोठं चाक, यामुळे मुलंही कंटाळत नाहीत. ज्यांना हिशेबाच्या वह्या वाचायला आवडतात त्यांनी बर्ट्रँडही करावं.

कोणी जाऊ नये? ज्यांना टायटॅनिकसारखी हळवी प्रेमकथा हवी त्यांनी. आणि ज्यांना अर्ध्या तासात उरकायचंय त्यांनी. दीड तास हाताशी ठेवा, दुकानदार असाल तर दुप्पट.

व्यवहाराचं थोडं. जागा डाउनटाउनच्या उत्तरेला, सिटी मार्केटमध्ये, ग्रँड बुलेवार्डवर. शनिवार-रविवारी तिथे शेतकऱ्यांचा बाजार भरतो, ताजी भाजी आणि मसाले मिळतात, पण गाडी लावायला जागा शोधत फिरावं लागतं. त्यापेक्षा डाउनटाउनला गाडी ठेवा आणि ट्रामने या, ट्राम फुकट आहे. आत फिरताना बरंच उभं राहावं लागतं, तेव्हा ज्येष्ठांनी मऊ तळाचे बूट घालावेत. गाइडचं इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ, आमच्या पिढीला कळेल असं. जेवण बाहेर बाजारातच करा, व्हिएतनामी आहे, इथिओपियन आहे, शाकाहारी माणसाचं भागतं.

आणि मुलांकडे यायचा बेत असेल तर उशीर करू नका. या जागेचा भाडेकरार नोव्हेंबर 2026 पर्यंतचा आहे आणि संग्रह पुढे कुठे जाणार यावर इथे चर्चा चालूच असते. निघण्याआधी मुलांना वेबसाइट बघायला सांगा.